पान गेलं तरी गाठ वाचवा

नोव्हेंबरातली सकाळ होती. पुण्याजवळच्या एका क्रिकेट मैदानावर आम्ही आउटफील्ड कापत होतो. रविवारी सामना, हातात तीन दिवस. मोवर अर्ध्यावर आला आणि मागून चालणाऱ्या माळीकाकांनी ओरडून हाक मारली, ‘थांबवा, तेल पडतंय!’ दवाने पांढुरक्या दिसणाऱ्या गवतावर बोटभर रुंदीची काळसर रेघ उमटली होती, सरळ, जवळजवळ तीस मीटर लांब. हायड्रॉलिकचा एक होज फिटिंगपाशी चिरला होता.

मी घाबरून पाण्याचा पाइप आणायला लावला आणि रेघेवर जोरात पाणी मारलं. तेल पाण्यावर तरंगलं, उताराच्या बाजूला सरकलं आणि बोटभर रेघेचा दोन हात रुंद पट्टा झाला. रविवारी तो पट्टा वाळलेल्या कडब्याच्या रंगाचा दिसत होता. होज फुटणं माझ्या हातात नव्हतं. पाणी मारण्याची चूक मात्र माझीच होती. सोसायटीची बाग, शाळेचं पटांगण, क्रिकेटचं मैदान, लग्नाचं लॉन, जिथे गवतावर यंत्र फिरतं तिथे हा प्रसंग आज ना उद्या येतो. तेव्हा तुमच्या हातून ती चूक होऊ नये, यासाठी हा लेख.

तेल गवताला काय करतं

चालू मोवरमधलं हायड्रॉलिक ऑइल साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअस तापलेलं असतं. ते पानावर पडताच पान भाजतं. हा पहिला घाव, आणि तो परतवता येत नाही. दुसरा घाव तेलाच्या थराचा. पानावरची सूक्ष्म छिद्रं बुजतात, पान गुदमरतं. तिसरा घाव सगळ्यांत उशिरा दिसतो. तेल मातीत उतरतं, मातीच्या कणांवर बसतं आणि माती पाणी घेईनाशी होते. वर पाणी घातलं तरी खालची मुळं कोरडीच राहतात.

पहिले दोन घाव पानाचे, तिसरा मुळाचा. पान तर बहुतेक वेळा जातंच. पण आपल्याकडच्या बहुतांश मैदानांवर जे गवत असतं ती हरळीच आहे, गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिची शेतातली आणि बागेतली जात एकच. शेतातून ती काढताना शेतकरी का मेटाकुटीला येतो, हे आठवा. तिचा जीव पानात नसतो. जमिनीवर सरपटणाऱ्या धावत्या खोडाच्या आणि मातीखालच्या खोडाच्या गाठींमध्ये असतो. गाठ शाबूत असेल, तर पान जळून गेल्यावरही ती फुटते. म्हणून तेल सांडल्यावर आपलं सगळं काम एकाच हेतूने चालायला हवं: पानाचा शोक करत बसायचं नाही, गाठ आणि तिच्याभोवतीची माती वाचवायची.

आधी ओळखा, काय सांडलं

उपाय करण्याआधी बोटाने चाचपा, वास घ्या. सगळी तेलं सारखी वागत नाहीत.

पेट्रोलचे रेणू लहान असतात, साधारण ४ ते १२ कार्बनचे. ते पान झटक्यात जाळतं, पण तितक्याच लवकर उडूनही जातं. त्यामुळे थोडंसं पेट्रोल सांडलं तर डाग भयंकर दिसतो, पण माती बहुधा वाचते. डिझेलचे रेणू त्याहून मोठे. ते हळू उडतं, मातीत झिरपतं आणि वास बरेच दिवस रेंगाळतो. छोट्या डागापुरतं बोलायचं, तर मी पेट्रोलपेक्षा डिझेलला जास्त घाबरतो. इंजिन ऑइल आणि हायड्रॉलिक ऑइल यांचे रेणू वीस कार्बनांच्या पुढचे. ते उडत नाहीत, जिथे पडतात तिथेच राहतात. ग्रीस पसरत नाही. गोळा उचलला की काम बरंचसं संपतं. टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये पेट्रोल आणि ऑइल मिसळलेलं असतं. त्यातलं पेट्रोल उडतं आणि ऑइल मागे राहतं, म्हणून त्याला ऑइलसारखंच वागवा.

ब्रेक ऑइल नावाने तेल असलं, तरी सहसा ते पाण्यात मिसळतं. रेडिएटरचा कूलंटही तसाच. या दोघांसाठी भरपूर पाणी हाच उपाय. पण कूलंट आधी टिपून घ्या. तो चवीला गोड आणि विषारी असतो. बागेत येणारी कुत्री-मांजरं तो चाटतात.

बाजारात वनस्पतीजन्य हायड्रॉलिक ऑइलही मिळतं. ते मातीत लवकर विघटित होतं, हे खरं. पण गरम असताना पानावर पडलं तर तेही पान जाळतंच. तेव्हा ‘हे पर्यावरणपूरक आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका.

पहिली दहा मिनिटं

गळती थेंबथेंब असेल, तर मोवरची पाती उचला आणि मशीन सरळ, जवळच्या वाटेने गवताबाहेर काढा. एका जागी थांबलात तर तिथे थारोळं साचतं, आणि रेघेपेक्षा थारोळं कितीतरी वाईट. वळून मागे पाहायला गाडी फिरवू नका. टायर तेल फासत जातात. मात्र तेल पिचकारीसारखं उडत असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. इंजिन चालू असेपर्यंत पंप टाकी रिकामी करत राहतो. मोवर ताशी ६ किलोमीटरने चालत असेल, तर एका मिनिटात १०० मीटर जातो. चालवणाऱ्याने दहा सेकंद उशिरा पाहिलं तरी सोळा-सतरा मीटरचा पट्टा झालेला असतो.

एक गोष्ट जीवापाड जपा. होज कुठे फुटला आहे हे हाताने चाचपून कधीही पाहू नका. बारीक छिद्रातून दाबाखाली येणारं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण आतून हात सडू शकतो. अशा वेळी लगेच शस्त्रक्रिया लागते. तेल कातडीत शिरल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा आणि ‘हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायची असेल तर आधी इंजिन बंद करा, दाब उतरू द्या, आणि तरीही पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

पेट्रोल सांडलं असेल तर विडी-सिगारेट, मोबाइल, ठिणगी उडवणारी लोखंडी अवजारं, सगळं लांब ठेवा. वाऱ्याला उडू द्या, मग धुवा.

आधी टिपा, मग धुवा

पुण्याजवळच्या त्या सकाळी मी हाच क्रम उलटा केला होता.

तेलावर कोरडं आणि शोषून घेणारं काहीतरी टाका: लाकडाचा भुसा, कोरडी बारीक वाळू, कोकोपीट, जुने सुती कपडे, वर्तमानपत्रं. कोकणात नारळाच्या काथ्याचा भुसा सहज मिळतो, तो उत्तम. भुसा रेघेच्या बाहेरून आत अशा दिशेने टाका, म्हणजे तेल बाहेर सरकत नाही. वरून पायाने दाबायचं नाही आणि झाडूने घासायचं तर अजिबात नाही. घासलं की तेल पानाच्या बुडाशी, म्हणजे नेमकं गाठींपाशी जातं. दहा-पंधरा मिनिटं थांबून भुसा हलक्या हाताने घमेल्यात उचला. गरज पडली तर पुन्हा नवा भुसा टाका. ओला भुसा पुन्हा पसरू नका.

टिपून झालं की साबणाचं पाणी. भांडी घासायच्या साध्या द्रव साबणाचे दोन-तीन चमचे बादलीभर पाण्यात मिसळा आणि झारीने, जोर न लावता, डागावर ओता. साबण तेलाचे बारीक थेंब करतो, मग ते पानावरून सुटतात. पाच मिनिटांनी साध्या पाण्याने हळूहळू धुवा. उताराखाली आडवं पोतं किंवा भुशाची ओळ लावा, म्हणजे सुटलेलं तेल निरोगी गवतावर जाणार नाही. जवळ विहीर, नाला किंवा पावसाळी गटार असेल तर धुऊच नका. तिथे टिपणं आणि पुढे सांगितलेलं खणणं एवढंच करा.

काय वापरायचं नाही, तेही सांगतो. कपड्यांची सोडा असलेली पावडर, ब्लीच, फिनाइल यांनी गवत स्वतंत्रपणे जळतं. आणि रॉकेल! गॅरेजमध्ये तेलकट हात रॉकेलने धुतात, म्हणून काही जण ऑइलच्या डागावरही रॉकेल ओततात. त्याने एका तेलावर दुसरं तेल पडतं आणि ते आणखी खोल जातं. चुलीची राखही नको. तिच्यातला क्षार मुळांना सोसत नाही.

गोळा केलेला भुसा आणि चिंध्या जाड पॉलिथीनच्या पिशवीत बांधून ठेवा. तो शेकोटीत जाळू नका, कंपोस्टच्या खड्ड्यात तर मुळीच नको. वापरलेलं तेल आणि तेलाने माखलेला कचरा २०१६च्या घातक कचरा नियमांत मोडतो. गॅरेजचं वापरलेलं तेल नेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे तो द्यावा.

गाठ जिवंत आहे का?

दोन-तीन दिवसांत पानं पिवळी, मग तपकिरी होतात. या टप्प्यावर बरेच लोक घाबरून पट्टाच खणून काढतात. थांबा. आमच्या त्या पट्ट्यावर माळीकाका उकिडवे बसले, एक धावतं खोड ओढून काढलं आणि नखाने गाठीची साल खरवडली. आत फिकट हिरवट-पांढरा, ओलसर गर होता. ‘जिती हाय,’ एवढंच म्हणून त्यांनी ते खोड पुन्हा मातीत दाबलं.

तुम्हीही हेच करा. पट्ट्यात पाच-सहा ठिकाणी गाठी तपासा. गर पांढरा किंवा हिरवट आणि घट्ट असेल तर गाठ जगली. तपकिरी, मऊ, चुरगळणारा असेल तर मेली. निम्म्याहून जास्त गाठी जिवंत असतील तर खणू नका. गवत स्वतःहून येईल.

मातीचीही एक परीक्षा घ्या. पट्ट्यातली वरची माती थोडी कोरडी होऊ द्या आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच मुरला तर ठीक. पाच सेकंदांहून जास्त वेळ मोत्यासारखा बसून राहिला, तर मातीने पाणी नाकारायला सुरुवात केली आहे. अशा ठिकाणी साबणाच्या पाण्याची दुसरी फेरी द्या किंवा बाजारात मिळणारं, माती ओली करणारं वेटिंग एजंट वापरा.

मातीला काम करू द्या

तेल मातीत गेलं की त्याचं पुढे काय होतं? जिवाणू ते खातात. मुळात बंगालमधले शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल पचवणारा जिवाणू घडवला, आणि १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटच्या बाजूने निकाल दिला. आपल्या दिल्लीच्या टेरी संस्थेने रिफायनरीच्या तेलकट गाळासाठी ‘ऑइलझॅपर’ नावाचं जिवाणूंचं मिश्रण तयार केलं. पण मैदानावरच्या पट्ट्यासाठी जिवाणू विकत आणायची गरज नाही. जिवंत मातीत ते असतातच. त्यांना कमी पडतात त्या तीन गोष्टी: नत्र, हवा आणि ओलावा. त्या पुरवणं आपलं काम.

तेलात कार्बन भरपूर असतो, नत्र जवळजवळ नसतो. म्हणून तेल पचवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात, आणि पट्ट्याच्या कडेचं चांगलं गवतही पिवळं पडतं. पाहणाऱ्याला वाटतं तेल पसरतंय. खरं तर तिथे नत्राची उपासमार चालू असते. त्यावर चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून झारीने द्या आणि वरून साधं पाणी घाला. साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. एकदम जास्त दिलं तर आधीच जखमी असलेली मुळं जळतील.

हवेसाठी दाताळ्याने किंवा खुरप्याच्या टोकाने चार-पाच सेंटिमीटर अंतरावर बारीक छिद्रं पाडा. या छिद्रांतून पाणी मुरतं, हवा जाते, आणि कडेच्या हरळीची धावती खोडं आत शिरून मुळं धरतात. वर बारीक चाळलेल्या वाळूचा आणि चांगल्या कुजलेल्या शेणखताचा पातळ थर द्या, पानाची टोकं दिसत राहतील इतकाच. माती ओलसर ठेवा. चिखल झाला तर जिवाणूंची हवा तुटते. महिनाभर त्या पट्ट्यावरून मोवर नेऊ नका. न्यावाच लागला तर पाती उंच ठेवा आणि कापलेलं गवत वेगळं गोळा करा. खुंट्या ठोकून सुतळी ताणली तर खेळाडू आणि मुलंही तिथे पाय देत नाहीत.

खणायचं केव्हा

जिथे थारोळं साचलं होतं, जिथे डिझेल खोल गेलं, जिथे निम्म्याहून जास्त गाठी मेल्या, तिथे खणा. पाच ते आठ सेंटिमीटर माती काढा आणि हातात घेऊन वास घ्या. तेलाचा वास येत असेल तर आणखी खाली जा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतील तर जास्त सावध राहा, तेल भेगेतून खूप खोल जातं. वाळूच्या मैदानातही ते भराभर खाली उतरतं. ओलसर काळ्या मातीत मात्र ते बराच वेळ वरच्या थरात अडकून राहतं, आणि लवकर काम केलं तर हाती लागतं.

खड्ड्यात वाळू आणि पोयटा भरा. खालच्या मातीत थोडा वास उरला असेल तर ॲक्टिव्हेटेड चारकोलची पूड मिसळा. ती तेलाचे उरलेले अंश धरून ठेवते. मग त्याच मैदानाच्या कोपऱ्यातली लॉनची लादी आणून बसवा, किंवा दोन-तीन गाठींचे हरळीचे तुकडे पाच-सात सेंटिमीटरवर टोबून लावा. मैदानाच्या एका कडेला याच गवताचा छोटा वाफा कायम राखून ठेवा, असं मी प्रत्येक सोसायटीला आणि शाळेला सांगतो. अशा वेळी विकतची लादी रंगात आणि पानात क्वचितच जुळते.

पिचचा विषय वेगळा. रोलरमधून पिचवर तेल पडलं तर साबण आणि पाणी वापरूच नका, पृष्ठभागाची घट्ट बांधणी बिघडते. चाकूने तेलकट मातीचा पापुद्रा लगेच खरवडून काढा, त्याच जातीची माती ओलसर करून भरा आणि रोल करा.

किती दिवस लागतील

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर तेलापेक्षा ऋतूवर जास्त अवलंबून असतं. हरळी २७ ते ३५ अंशांत जोमाने वाढते. पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा पाणी असेल तर उन्हाळ्यात पातळ रेघ तीन-चार आठवड्यांत भरून येते, असा माझा अनुभव. हिवाळ्यात, रात्री थंड असताना, पुणे-नाशिककडे त्याच रेघेला दोन-तीन महिने लागू शकतात. मुंबईच्या दमट हवेत हिवाळ्यातही गवत चालू राहतं. मेक्सिकन आणि कोरियन लॉन मुळातच सावकाश वाढतं, तिथे धीर जास्त लागतो. सणावाराआधी हवं असेल तर लादी बसवणंच बरं.

सांडूच नये म्हणून

रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, पाच मिनिटं होज पाहा. फुगलेला, चिरलेला, कडेला ओलसर दिसणारा होज लगेच बदला. तेल आणि इंधन भरायचं ते सिमेंटच्या फरशीवर, खाली पत्र्याची परात ठेवून. ब्रश कटर भरायला तो गवतावर टेकवू नका. मोवरवर एक पिशवी कायम टांगलेली असू द्या: भुसा, सुती चिंध्या, खुरपं, साबणाची छोटी बाटली. आणि मशीन चालवणाऱ्याला सांगा, दर फेरीच्या शेवटी मागे वळून आपल्या रेघेकडे एकदा बघ. तेल पडलं तर ते लपवायला लागू नये, इतका विश्वास त्याला द्या. लपवलेलं तेलच सगळ्यांत जास्त गवत मारतं.

आमच्या त्या मैदानावर सामना त्या पट्ट्यासकटच झाला. आम्ही साबणाचं पाणी दिलं, छिद्रं पाडली, युरिया दिला, आणि खणायचा मोह आवरला. विसाव्या दिवशी माळीकाकांनी मला बोलावलं. तपकिरी काड्यांच्या मधून, एका गाठीतून, सुईएवढं हिरवं टोक वर आलं होतं. आम्ही दोघं गुडघे टेकून मोजत गेलो. त्या एका हातभर जागेत अकरा टोकं होती. फेब्रुवारी संपता संपता पट्टा शोधावा लागत होता.